उसनी तिथी

"उसनं आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये. घरात काही नसलं, तर चिमूटभर साखर तरी घालावी त्यात."

आई हे सांगायची तेव्हा तिच्या हातात शेजारच्या काकूंची वाटी असायची, घासूनपुसून लख्ख केलेली, आणि ती पोचवायला सुनीतीच जायची. आई जाऊन आता बराच काळ लोटला होता. सुनीती गिरप डॉक्टर झाली होती, खडपेवाडीच्या सागरी उसनवारी केंद्राची प्रमुख. पण सकाळी देवाला फूल वाहून केंद्राचं दार उघडताना आईचं ते वाक्य तिला आठवायचंच. ज्या कायद्यावर केंद्र उभं होतं, तो जणू तिच्या आईनंच लिहिला होता. शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी समुद्रातला जो जीव घ्याल तो उसना. जिवंत परत करायचा, जिथून घेतला तिथेच.

एके काळी शाळांच्या प्रयोगशाळेत बरण्यांची रांग असे. पिवळट पाण्यात तरंगणारा तारामासा, रंग उडालेला खेकडा. मुलं नाक दाबून बघत आणि पुढे सरकत. एका वर्गाला दाखवायला एक जीव कायमचा संपे. मग विसाव्याचा शोध लागला आणि त्या बरण्या गेल्या.

विसावा ही काही जादू नव्हती. आवळा पाकात मुरतो तेव्हा काय होतं? आतलं पाणी बाहेर येतं, पाक आत शिरतो, आणि चार दिवसांत नासणारा आवळा वर्षभर टिकतो. काही चिवट सूक्ष्मजीव हेच स्वतःच्या देहाचं करून घेतात. डबकं आटलं की अंगातल्या पाण्याच्या जागी एक निराळी साखर भरायची आणि निपचित पडून राहायचं. पाऊस पडला की उठून चालू लागायचं. आपल्या घरच्या साखरेची ती चुलत बहीण. शास्त्रज्ञांनी ती दुसऱ्या प्राण्यांच्या पेशीपेशीत पोचवण्याची वाट शोधली, आणि लोक तिला पाकसाखर म्हणू लागले. पाकसाखर पेशीत काचेसारखी थिजते. आतला कण न् कण जिथल्या तिथे थांबतो. भूक थांबते, वय थांबतं, आजारसुद्धा थांबतो. नंतर साखर हळूहळू उतरवली, की अर्ध्यावर थांबलेली हालचाल तो जीव पुरी करतो.

म्हणून आता समुद्रापासून दूर जिंतूरच्या शाळेतही समुद्र पोचत होता. विसावलेला जीव बरणीतून जायचा, खाऱ्या पाण्यात काही काळ जागा व्हायचा, मुलांना चालून दाखवायचा, पुन्हा विसावायचा. जागं होण्याच्या त्या काळाला 'जागर' म्हणत. आणि परतफेड? ती वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला. हे कायद्यात नव्हतं, खडपेवाडीनं ठरवलं होतं. दर्याला सोन्याचा नारळ वाहायचा तो दिवस. त्याचं देणंही त्याच दिवशी द्यावं, वाजतगाजत. सगळ्या शाळांच्या बरण्या त्या दिवशी खडकातल्या कुंडांत रित्या होत. सुनीती स्वतः सोवळ्यात उभी राहून दर जिवामागे एक फूल सोडी.

आणि तरी कुंडांचं काहीतरी बिघडलं होतं. परत गेलेले जीव जगत होते, धडधाकट होते. पण कुंडांत बाळं दिसेनाशी झाली होती.

श्रावण शुद्ध तृतीयेला दुपारी जिंतूरच्या कुटे बाई आल्या. एका हातात शाळेची बरणी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"शेंगदाण्याचे लाडू आहेत, सुनीतीताई. तुमचा उपास नाही ना आज?"

"आज नाही. उद्या चतुर्थी." सुनीतीनं डबा घेतला. "कोल्हापूरवरून आलात?"

"हो. राहीला भेटून."

"कशी आहे?"

"तशीच."

दोघी जराशा हसल्या. या प्रश्नाला दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं. प्रणिता कुटे यांची राही आठ वर्षांची असताना तिच्या रक्तात एक आजार निघाला, आणि त्यावर औषध नव्हतं. कोल्हापूरच्या विसावा-दवाखान्यात तिला पाकसाखर दिली, त्याला चार वर्षं झाली. औषध सापडेपर्यंत राही आठच वर्षांची राहणार होती. बाई दर महिन्याला जायच्या, काचेपलीकडून बघायच्या आणि परत यायच्या.

"निजताना तिनं मला एकच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उठेन तेव्हा तू अशीच पाहिजेस, म्हातारी व्हायचं नाही. मी हो म्हणाले. लेकराला काय सांगणार?" त्यांनी केसांवरून हात फिरवला. "तेव्हापासून रंग लावते दर पंधरवड्याला. शाळेत मुली म्हणतात, बाई हिरॉईन झाल्या."

"डॉक्टर काय म्हणतात औषधाचं?"

"वीस वर्षं लागतील म्हणतात. पंचवीसही लागतील." बाईंनी विषय बदलला. "बरं, आमचे काटेराव कुठे आहेत? मुलांनी निरोप दिलाय. विचारलंय, काटेरावांचं लग्न झालं का?"

काटेराव म्हणजे एक सी-अर्चिन, काट्यांचा जांभळा गोळा, मुठीएवढा. वाडीत त्याला साळूच म्हणत. दोन वर्षांपूर्वी जिंतूरला उसना गेला होता, मागच्या नारळी पौर्णिमेला परत आला होता. परत सोडलेल्या प्रत्येक साळूच्या एका काट्यात रंगीत मणी ओवलेला असे, म्हणजे ओळख पटे. काटेरावांचा मणी पिवळा. वार्षिक तपासणीसाठी तो कालच कुंडातून आणून काचेच्या टाकीत ठेवला होता, कधी उसन्या न गेलेल्या दहाबारा साध्या साळवांबरोबर.

"लग्नाचंच तर कोडं आहे," सुनीती म्हणाली. "यांचं लग्न म्हणजे काय, तर सगळ्यांनी एकाच संध्याकाळी पाण्यात बीज सोडायचं. नरांचं पांढरं, माद्यांची नारिंगी अंडी. पाण्यात त्यांची गाठ पडते आणि बाळं होतात. एखादीनं जरी दुसऱ्या दिवशी सोडलं, तर ते फुकट. समुद्र एवढा मोठा, कुणाला कोण सापडणार?"

"मग त्यांना कळतं कसं, कुठली संध्याकाळ?"

"तिथीवरून. या खडपातल्या, म्हणजे या किनाऱ्याच्या खडकांतल्या, साळवा कृष्ण तृतीयेलाच सोडतात, पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी. आतमध्ये चंद्राचं घड्याळ असतं. लहानपणी एकदा चांदणं बघून ते लागतं, मग जन्मभर आपोआप चालतं. अंधाऱ्या कोठडीत ठेवली तरी साळू तिथी चुकत नाही. आपल्यासारखं पंचांग बघावं लागत नाही तिला."

"सुनीतीताई," कुटे बाई टाकीकडे बघत म्हणाल्या, "हे काय होतंय?"

पिवळ्या मण्याच्या साळूच्या माथ्यातून केशरी धागा वर येत होता. बारीक, अखंड, उदबत्तीच्या धुरासारखा. थोडा वर जाऊन तो पसरला आणि टाकीचा तो कोपरा नारिंगी झाला. बाकीच्या साळवा आपापल्या जागी शेवाळ खरवडत होत्या. एकीनंही दाद दिली नाही.

"काटेराव नाही," सुनीती पुटपुटली. "काटेबाई आहे ही."

"अगं बाई. मुलांना काय सांगू आता?"

पण सुनीतीचं लक्षच नव्हतं. आज शुद्ध तृतीया. कृष्ण तृतीया यायला अजून पंधरा दिवस. पुरा अर्धा महिना चुकला होता. आजारी असेल? ती भिंतीवरच्या पंचांगाकडे गेली, परत टाकीशी आली, परत पंचांगाकडे गेली. मग ती बाईंकडे वळली.

"बाई, ही तुम्हाला दिली तेव्हा मीच कुंडातून काढली होती. सर्वपित्रीला. घरी पानं वाढायची होती म्हणून लवकर निघाले, मला पक्कं आठवतंय. आणि सर्वपित्री म्हणजे?"

"अमावास्या."

"अमावास्येला हिचं घड्याळ थांबलं. पाकसाखरेनं सगळं थांबवलं, तेही थांबलं. मग आपण तिला सोडलं कधी?"

"नारळी पौर्णिमेला."

"बाहेर पौर्णिमा, आणि तिच्या आत अमावास्या." सुनीतीचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण शब्द एकमेकांवर चढत होते. "आपण तिला तिच्या जागेवर परत ठेवलं, बाई, तिच्या तिथीवर नाही. तिची कृष्ण तृतीया आज आहे. तिचं लग्न आज आहे आणि मांडवात कुणीच नाही."

सुनीतीला आता थांबवत नव्हतं. तिनं मग सगळंच उलगडून सांगितलं. "मुलांचा जागर एकदोन तासांचा, तो धरायचं कारण नाही. पण साळवा वर्षभर वेगवेगळ्या तिथींना घेतल्या जातात, आणि सोडतो मात्र सगळ्या एका दिवशी, देवाचा दिवस म्हणून. म्हणजे जेवढ्या परत केल्या तेवढी घड्याळं कुंडात, प्रत्येकाची वेळ निराळी. आपण भक्तीनं सोडलं आणि एकेकीला एकटं पाडलं." तिनं कपाळाला हात लावला, पण डोळे चमकत होते. "आणि उपाय किती सोपा आहे बघा. ज्या तिथीला घेतलं, त्याच तिथीला सोडायचं. घड्याळ थांबलं तिथूनच चालू होईल, बाहेरच्या चंद्राशी जुळूनच."

"म्हणजे बाळं होतील परत?"

"होतील. आणि..." तिला काहीतरी आठवलं. ती टाकीमागच्या लहान काचपात्राशी गेली. "हे बघा. मागच्या महिन्यात उत्तरेकडच्या एका कुंडात ही सापडली, मोहरीएवढी साळूबाळं. मी चक्रावले होते. त्या कुंडात आम्ही दोन साळवा सोडल्या होत्या, लाल मण्यांच्या. दोघी एकाच शाळेला, एकाच दिवशी, एकाच बरणीतून गेलेल्या. समुद्राशी त्यांचीही वेळ जुळत नव्हती. पण एकमेकींशी जुळत होती."

"दोघी कशा? बाळं झाली म्हणता."

"एक नर असणार. वरून कळत नाही, काटेरावांचं बघितलंत ना." सुनीती हसली. "जोडीनं थांबली, म्हणून जोडीनं चालू झाली. एकाच वेळेला."

कुटे बाई काचपात्रावर वाकून ते मोहरीएवढे ठिपके बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि जी एकटीच थांबली, तिची वेळ नंतर कधी जुळते का? आपोआप?"

"नाही. जन्मभर नाही."

सुनीतीनं हे उत्तर एका शास्त्रज्ञाच्या आनंदानं दिलं. विचारणारी कोण आहे, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात नव्हतं.

पुढचे दिवस केंद्रात कुणाला जेवायची शुद्ध नव्हती. कुठल्या मण्याची साळू कुठल्या तिथीला बीज सोडेल, हे सुनीतीनं आधीच सांगून ठेवलं. शुद्ध पंचमीला हिरव्या मण्याची. सोडलं. एकादशीला निळ्याची. सोडलं. एकादशीचा उपास असूनही सुनीतीनं केंद्रातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि आपला पेढा द्वादशीसाठी पुडीत बांधून ठेवला. तिनं निष्कर्ष सगळीकडे धाडले. जिथे जिथे विसावा वापरला जातो तिथे सगळीकडे; कोल्हापूरच्या दवाखान्यातही.

नारळी पौर्णिमेला संध्याकाळची ओहोटी होती. खडपावर माणसं जमली, ताशे वाजले, नारळ वाहिला गेला. बरण्या मात्र केंद्राच्या पडवीत झाकून ठेवलेल्या. ज्यांची तिथी पौर्णिमा होती तेवढ्याच चार साळवा आज जाणार होत्या.

भिकाजी तांडेल वाडीतले जाणते. होडीवरूनच त्यांनी हाक मारली, "गो डाक्टरीण, नारळ दिलंव आणि देणा ठेवलंव घरात? दर्या काय म्हणात?"

"मामा, दर्याला मान दिला आपण, पण तिथी त्याची विचारली नाही." तिनं सगळं थोडक्यात सांगितलं.

भिकाजींनी डोकं खाजवलं. "म्हंजे न्हवरो येता पुनवेक, आणि लगीन लागान गेलेला असता आदीच."

"अगदी तसंच."

"आणि ह्या आमी इतकी वर्सा ताशे वाजवन करी होतो." ते मोठ्यानं हसले, मग टोपी काढून समुद्राकडे वळले. "चुकलो, बापा. ह्येच्या फुडे इचारून करू."

गर्दीच्या कडेला कुटे बाई उभ्या होत्या. मुलांना आणणार म्हणाल्या होत्या, पण एकट्याच आल्या होत्या. चार साळवा पाण्यात गेल्यावर दोघी पडवीत येऊन बसल्या. भांगाशी बाईंचे केस पांढरे दिसत होते. सुनीतीला ते दिसलं.

"डबा न्यायला आले," बाई म्हणाल्या. "आणि सांगायला. मी राहीबरोबर थांबतेय."

"कोल्हापूरला? किती दिवस?"

"ती उठेपर्यंत."

सुनीतीनं वळून बाईंकडे पाहिलं.

"दवाखान्यात पेशंटजवळ एकाला थांबता येतं ना," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, वर्गात सांगावं तसं. "विसाव्यातही ती मुभा आहे. सोबत-विसावा म्हणतात. आजवर कुणी घेतली नव्हती. धडधाकट माणूस स्वतःला पाकात कशाला घालून घेईल? डॉक्टरांनी मला कारण विचारलं, तेव्हा मी त्यांना लाल मण्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तुमचं टिपण त्यांनीही वाचलंय."

"बाई, ती साळवांची गोष्ट आहे." सुनीती घाईनं म्हणाली. "साळूची तिथी दर महिन्याला परत येते. चुकली तर आपण पुढच्या महिन्यात जुळवू शकतो."

"म्हणूनच तर. माझी नाही येणार." बाईंनी पदर सारखा केला. "ती आठ वर्षांची आणि मी अडतीसची, ही तिथी एकदाच होती. चार वर्षं मी आधीच चुकवलीत. ती उठेल तेव्हा मी पासष्टीची असेन, किंवा नसेनही. तिला वेणी कोण घालेल? मैत्रिणींची लग्नं होऊन गेलेली असतील. बोली बदललेली, पैसे बदललेले. लेकराला तिच्या जागेवर परत ठेवतील हो, पण त्या मांडवात कुणी नसेल. तुम्हीच म्हणालात, जुळत नाही, जन्मभर नाही."

"आणि तुमचे मिस्टर?"

"आधी काही बोललेच नाहीत. दुकान आहे, सासूबाई आहेत. पहाटे म्हणाले, दोघंही निजलो तर उठवायला कोण? कुणीतरी जागं पाहिजे. मी राहतो जागा. आणि म्हणाले, तू आता केसांना रंग लावायचं सोड." त्यांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि लगेच हसल्या. "त्यांचं आणि माझं घड्याळ मात्र चुकणार. सगळी कुठली जुळायला?"

बाहेर ताशे पुन्हा सुरू झाले होते. सुनीतीला बाईंना अडवणारं एखादं वाक्य हवं होतं, आणि तिच्याजवळ होते फक्त निष्कर्ष, तपासून पाहिलेले, प्रत्येक मण्याच्या बाबतीत खरे ठरलेले.

"आणखी तीन घरं आलीत सोबत मागायला," बाई उठता उठता म्हणाल्या. "कोण कुणाबरोबर थांबणार, यावरून एका घरात भांडण लागलंय. थोरला मुलगा म्हणतो, आई धाकट्याबरोबर चालली, मग माझ्या वेळेला कोण? डॉक्टर म्हणत होते, आता प्रत्येक आईबापाला आधीच विचारावं लागेल." त्यांनी सुनीतीच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दिलेलं ज्ञान आहे ते. मला एवढंच सांगा, मी उठेन तेव्हा काटेबाईची नातवंडं असतील ना कुंडात? राहीला दाखवायचीत."

"असतील," सुनीती म्हणाली. "तिला मी येत्या अमावास्येला सोडणार आहे. आज तिच्या आत अमावास्याच आहे, तोवर तशीच पाकात ठेवते."

ती डबा आणायला स्वयंपाकघरात गेली. डबा घासून पालथा घातला होता. तिनं तो पुसला, कोरडा केला, आणि सवयीनं फळीवरचा साखरेचा डबा काढला. काही नसलं घरात, तर चिमूटभर साखर तरी. चिमूट भरली आणि हात तिथेच राहिला. पांढरे, चमचमते दाणे. ती नुसती घरची साखर होती, चहातली.

रिकामं परत देऊ नये.

तिनं साखर डब्यात टाकली, देवापुढचं एक जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि झाकण लावलं.

बाईंनी डबा घेतला. उघडून बघितला. दोन दाणे जिभेवर ठेवले आणि झाकण नीट दाबलं.

"उरलेली राहीला," त्या म्हणाल्या. "साखर काही नासत नाही."

फाट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या, एक घराकडची, परभणीकडे जाणारी, दुसरी कोल्हापूरची. पुनवेचा चंद्र नुकताच डोंगराआडून वर येत होता. केसांच्या पांढऱ्या मुळांवरून बाईंनी पदर घेतला, डबा काखेत धरला, आणि कोल्हापूरच्या गाडीकडे चालू लागल्या.